चौकशीनंतरचा चहा

बाई,

काल उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावर तुमची आठवण निघाली. म्हणजे मीच काढली. एका म्हातारीचा निराधार पेन्शनचा अर्ज होता, दुसऱ्यांदा केलेला. पहिल्या वेळी तलाठी घरी चौकशीला आले, तेव्हा तिने एका घरून खुर्ची आणली, दुसऱ्या घरून कोंबडी, आणि "काय कमी नाय आमाला, साहेब," म्हणत त्यांना जेवू घातलं. त्यांनी जे पाहिलं ते लिहिलं. अर्ज नामंजूर झाला.

मुरबाडकडचं ते घर मला अजून दिसतं. मी तुमच्याबरोबर पेन्शनच्या अर्जांसाठी पाड्यापाड्यांवर नुकतीच फिरू लागले आहे. तिथल्या आजीही तलाठ्यांना अशाच आग्रहाने वाढताहेत, आणि मी त्यांच्या कानात म्हणते, "आजी, जरा कमीच दाखवा." तुम्ही मला अंगणात नेलंत. आवाज चढवला नाहीत. "घर तिचं आहे. दारात आलेल्यापुढे ती रडणार नाही, आणि तू तिला रडायला शिकवू नकोस." मग आत जाऊन म्हणालात, "भाऊसाहेब, शाळेच्या ओट्यावर बसू या. इथं तुम्ही पाहुणे आहात." ओट्यावर आजींना कोणाची सरबराई करायची नव्हती. विचारलं ते सांगत गेल्या. त्यांना पेन्शन मिळाली. मला माझ्या कामाची रीत मिळाली, आणि एवढ्या वर्षांत तिच्याहून चांगली मला सापडलेली नाही.

काल म्हातारी शाळेच्या ओट्यावर बसली. तलाठी विचारतात, "आजी, सांभाळतं कोण?" ती आधी माझ्याकडे बघते, मग पायांकडे. "पोरगा व्हता, तो गेला. शेजारीण देते भाकर. ती बी रोज नाय."

"मग त्या दिवशीची कोंबडी?"

"तिचीच व्हती. तुमी काय रोज येता?"

तलाठी हसले, आणि या वेळी खरं ते लिहिलं. सही होताच ती उठली. "झालं ना तुमचं? आता घरी चला. चाय तरी घ्या." आम्ही गेलो. कोरा चहा होता, गूळ घातलेला. खुर्ची मात्र तिने पुन्हा मागून आणली.

तुम्ही आता या जगात नाही, म्हणून हे कुठे पाठवायचं नाही. पण एक सांगते. ओट्यावर यायला ती आधी तयार नव्हती. तेव्हा मी म्हणाले, "आमच्या बाई सांगायच्या, खरं बोलल्याने घराची अब्रू जात नाही." तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. तेच वाक्य मी आधी माझं म्हणून सांगून पाहिलं होतं. तुमचं म्हटल्यावर ती उठली.