चिलखतातला सरदार आणि सासूबाई

श्रूजबरी, शनिवार, ८ नोव्हेंबर १९८६

सासूबाई माझी इंग्रजी कादंबरी घेऊन खुदुखुदु हसत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "चित्र बघतेय गं." चित्र फक्त कव्हरवर आहे! आणि उघडं पान कुठलं? चिलखत घातलेला सरदार लग्नाची मागणी घालायला गुडघ्यावर बसतो आणि त्याला उठताच येत नाही, ते. एवढा रुबाब आणि अशी फजिती, म्हणून तर मला असली पुस्तकं आवडतात. पण आईंना इंग्रजी येत नाही ना? मग तिकीट बदलून त्यांना लवकर भारतात परत पाठवायचं, असं त्यांचा लेक सुहास आणि मी त्यांच्यासमोरच, बिनधास्त इंग्रजीत बोललो, ते...?

जेवण झाल्यावर मी पुस्तक परत मागितलं.

"थांब," आई म्हणाल्या, "सरदाराच्या आईला घालवून देतात का, तेवढं बघू दे."