आठवे कव्हर

शुक्रवार, ७ मार्च
सकाळी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

१. काल क्लबची साप्ताहिक सभा सहा वाजता सुरू झाली. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तू ताईकडे गेल्यापासूनची ही तिसरी. तुझ्या खुर्चीवर मी बसले.

२. सभेनंतर उसन्या सामानाच्या खोलीत, परत आलेले एक ऑक्सिजनचे मशीन तपासले. त्यावर तू शिवलेले निळे कव्हर होते.

३. कव्हर मागच्या जाळीवरून खालपर्यंत येते. मशीन त्याच जाळीतून खोलीतली हवा आत घेते. कव्हर घालून पाऊण तास चालवले. त्यातून येणारा ऑक्सिजन ९४ टक्क्यांवरून ७१ वर आला आणि मशीन तापले.

४. अशा वेळी मशीन शिटी देते. तशी ती दिली. कव्हरला आतून रजईचे अस्तर आहे, त्यामुळे शेजारच्या खोलीत चिटणीसबाईंना ती ऐकू गेली नाही.

५. अशी कव्हरे आठ. एक हे. सहा घरी लगेच फोन करून काढायला लावली. सहाही माणसे ठीक आहेत.

६. आठवे बँडमास्तरांकडे आहे. त्यांचा फोन लागत नाही. आज सकाळी घरी गेले. दाराला कुलूप, पायरीवर जाहिरातींचे कागद साचलेले. मी काम करते त्या आणि आणखी दोन हॉस्पिटलांत विचारले. तिथे दाखल नाहीत.

७. प्रत्येक मशीनबरोबर तपासणीचे कार्ड असते. आठही कार्डांवर ‘योग्य’ असा शेरा आहे.

त्यांची फुप्फुसे किती अधू आहेत, हे तुला माहीत आहे. मशीनशिवाय त्यांना बुटाची नाडी बांधता येत नाही. ते कुठे गेले, हे तुझ्याशी बोलले असतील तर मला आजच हवे आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू प्रत्येक गोष्टीला हो म्हणतेस, म्हणून हे पत्र बसच्या चालकाकडे देते. उत्तर त्याच्याच हाती परतीच्या फेरीला पाठव.

कव्हरे का शिवलीस, ते मला ठाऊक आहे. मशीनच्या आवाजाने झोप येत नाही, अशी तक्रार तीन घरांतून आली होती. दोष देण्यासाठी लिहीत नाही.

तुझी भाची


शुक्रवार, दुपारी

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा तो शोधून लावला. चालक खाली बसलाय. ताई त्याला तिसरा चहा पाजतेय, म्हणजे तो उठणार नाही.

ते कुठे गेले, मला आठवत नाही गं. डोकं फोडून घ्यावंसं वाटतंय. पण एक आठवतं. मशीन न्यायला ते आले तो गुरुवार होता, सभा नुकतीच सुरू झाली होती. प्रत्येकाने आठवड्यातली एक आनंदाची गोष्ट सांगायची, मगच कामाला हात लावायचा, हा आपला नियम. मी त्यांनाही सोडलं नाही. पाहुण्याला सूट नाही म्हटलं. ते दारात उभे राहून दम खात बोलले, बहिणीबद्दल काहीतरी, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काय बोलले ते चिटणीसबाईंनी नक्की लिहिलं असणार. त्या शिंकसुद्धा लिहून ठेवतात. हिरव्या पुठ्ठ्याची वही, चहाच्या कपाटात, वरच्या फळीवर. जानेवारीचा दुसरा गुरुवार बघ.

तुला हा नियम फुकटचा वाटतो, मला माहितेय. तिन्ही गुरुवारी तू ‘विशेष काही नाही’ म्हणालीस आणि बाईंनी तेही टिपून मला कळवलंय.

आवाज नको म्हणून झाकलं मी. जास्तीचं अस्तर लावलं, वर फुलं काढली. त्या माणसाला काही झालं असेल तर मी परत सुई हातात धरणार नाही. सापडले की मध्यरात्र असली तरी ताईला फोन कर. मी हो म्हणणार नाही, नीट ऐकेन.

आत्या


शनिवार, ८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बँडमास्तर उत्तम आहेत. काल फोनवर हे सांगितले तेव्हा तू हो म्हणालीस आणि मग फोन ताईच्या हातात आला, म्हणून पुन्हा लिहिते आहे. उत्तम आहेत. मी स्वतः मोजून आले.

वहीत तू सांगितलेल्या गुरुवारी अशी नोंद होती: ‘बँडमास्तर: अठरा वर्षांनी बहिणीने स्वतः फोन केला. तिच्या इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत राहायला चल म्हणाली. महिनाअखेर जाणार.’ खाली कंसात, ‘दुकान पाण्याच्या टाकीमागे. कपडे चांगले होतात.’ हे शेवटचे बाईंचे स्वतःचे मत असावे.

टाकीमागे इस्त्रीची दुकाने दोन आहेत. पहिल्यात मी चुकीच्या माणसाला बँडमास्तरांची बहीण इथेच असते का, असे विचारले. दुसऱ्यात एक उंच बाई शर्टाची कॉलर दाबत होत्या. मी क्लबचे नाव घेताच त्यांनी इस्त्री उभी केली आणि मशीन परत देणार नाही, असे ठणकावून सांगितले. घ्यायला नव्हे, पाहायला आले, हे पटवण्यात काही मिनिटे गेली. जिना चढताना मी मशीनचा आवाज ऐकत होते. आवाज स्वच्छ होता. अस्तरातून आल्यासारखा नव्हता. तिथेच मी थांबले. श्वास घ्यायला, असे त्या बाईंना वाटले असावे. त्यांनी वरून हात पुढे केला.

बँडमास्तर खिडकीशी बसून पेपर वाचत होते. मशीनवर कव्हर नव्हते. विचारले तर म्हणाले, पहिल्याच दिवशी काढले. मशीन संथ कूच केल्यासारखे चालते. चाळीस वर्षे ताल धरल्यावर तो ऐकू आल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बहिणीला मात्र तो आवाज सहन होत नाही, म्हणून ती कानात कापूस घालून झोपते. अठरा वर्षे बोलली नाही, आता ऐकतही नाही, असे ते तिच्यासमोरच म्हणाले. त्यावर तिने त्यांच्या मांडीवरचा पेपर घेऊन घडी घातली.

मशीनचा ऑक्सिजन ९४. तापमान योग्य. फोन लागत नाही कारण तो इस्त्रीखाली येऊन जळाला.

तुझे कव्हर त्यांच्या बिगुलावर आहे. अगदी मापात बसले आहे.

तुझी भाची


सोमवार, १० मार्च

चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारपासून पहिल्यांदा रात्री नीट झोपले. बिगुलाचं वाचून इतकी हसले की थेरपीवालीने गुडघा सोडला आणि दुखलं का म्हणून विचारलं. ताईला ते वाक्य तीनदा वाचायला लावलं.

पण हसून झालं की तेच ते येतं मनात. ते तालाचे शौकीन निघाले म्हणून वाचले. दुसरा कोणी असता, शांत झोपतो बिचारा म्हणून घरच्यांनी कव्हर आणखी खाली ओढलं असतं. अकरा वर्षं ती खोली सांभाळली. कुबड्या, वॉकर, खाटा, कुणाला काय लागेल ते जीव लावून दिलं. जीव लावून चालत नाही, समजायलाही लागतं, हे उशिरा कळलं. तेव्हा गुरुवारी सभेत एवढं मांड: खोलीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी आणि माझं नाव काढावं. तू मांडलंस तर कुणी रडारड करणार नाही. तुझ्यासमोर कुणाची हिंमत होत नाही.

तब्येतीला जप. डब्यात नुसता ब्रेड नेतेस, हेही बाईंनी कळवलंय.

आत्या


शुक्रवार, १४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा ठराव काल तुझ्याच शब्दांत मांडला. अनुमोदन कोण देते, असे अध्यक्षांनी विचारले. ते दातांचे डॉक्टर असल्यामुळे त्यांना तोंड बंद ठेवलेली माणसे पाहायची सवय आहे. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. अनुमोदन आले नाही, ठराव बारगळला. किल्ली तुझ्याच खिळ्यावर आहे.

आता जे सात दिवसांपूर्वी लिहायला हवे होते ते लिहिते. पहिल्या पत्रातल्या सातव्या मुद्द्यात शेरा कोणाचा, ते मी लिहिले नव्हते. तो माझा आहे. जानेवारीत, सगळी मशिने पुन्हा घरोघर जाण्याआधी, तू मला ती तपासायला बोलावले होतेस. मी प्रत्येकाचे कव्हर काढले, ऑक्सिजन मोजला, ९४ आला, कार्डावर सही केली आणि कव्हर पुन्हा घातले. आठ वेळा. फुले जाळीच्या बाजूला यावीत म्हणून दोन कव्हरे सरळसुद्धा केली. तू शिवणारी, तुला जाळीचे काम माहीत असण्याचे कारण नव्हते. मला होते. तू सगळा दोष स्वतःकडे घेतलास आणि मी आठवडाभर तो घेऊ दिला.

काल आनंदाची गोष्ट सांगायची माझी पाळी आली तेव्हा बाईंनी सवयीने ‘विशेष काही नाही’ आधीच लिहून ठेवले होते. ते त्यांना खोडावे लागले. मी सांगितले की बँडमास्तर जिवंत आहेत, आणि कार्डावरची सही माझी आहे. दुसरी गोष्ट आनंदाची कशी, असे अध्यक्षांनी विचारले. पहिलीमुळे ती सांगता येते, असे मी म्हणाले. मग बाईंनी माझ्यापुढे चहा सरकवला आणि बशीत दोन बिस्किटे जास्त ठेवली. हे त्यांनी तुला कळवले असेलच.

बँडमास्तरांच्या बहिणीनेही निरोप पाठवला होता: मशीन ठेवायचे, पण आवाज थोडा कमी करून मिळाला तर बरे. बाकी तीन घरांची तक्रारही आहे तशीच आहे. म्हणून कव्हरे हवी आहेत. सोबत कागदी नमुना पाठवते. मागची बाजू पूर्ण उघडी, चारही अंगांनी दहा सेंटिमीटर सुटी. अस्तर फक्त दोन बाजूंना. शिटीच्या जागी भोक, मी लाल पेन्सिलीने दाखवले आहे. एक जुन्या चादरीचे शिवून घालून दोन तास चालवले: ऑक्सिजन ९४, शिटी चिटणीसबाईंना ऐकू आली, आवाज पूर्वीपेक्षा कमी. माझी शिलाई वाईट आहे, ती दाखवणार नाही. फुले कुठेही काढ, फक्त मागे नकोत. शिवून झाली की ती घातलेली असतानाच मी मोजेन, आणि सही तुझी नि माझी, दोघींची होईल.

लोभ आहे तेवढा ठेव; तो मी मोजायला जात नाही.

आठ कव्हरे शिवायला जमेल की नाही, ते बुधवार, १९ तारखेपर्यंत कळव. चालक साडेचारला निघतो.

तुझी
मोजपट्टी