ए. डब्ल्यू. रामटेके यांचे त्रेसष्ट लेख

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

त्रेसष्ट!

आज कॉलेजच्या ऑफिसात प्रफुलने कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे टाकला. तपासणीची समिती येणार, म्हणून प्रत्येक प्राध्यापकाचे छापून आलेले लेख इंटरनेटवरून काढायचं काम या क्लार्कच्या गळ्यात पडलंय. म्हणाला, "सर, तुमी तं छुपे रुस्तम निघाले. त्रेसष्ट लेख! प्रिन्सिपल साहेबाचेबी इतके नाई."

माझे अकरा आहेत. अकराही दगडफुलांवर. आलापल्लीच्या सागाच्या सालीवर कोणती दगडफुलं धरतात, कोणती मरतात. वीस वर्षांत एवढंच केलं.

मग बाकीचे बावन्न कोणाचे? यादी चाळली. भाताच्या तुसाची राख घालून केलेलं काँक्रीट. माशांच्या कल्ल्यातले जंत. पाली व्याकरणातला कुठलासा प्रत्यय. रक्ताचे आजार. लेखक सगळीकडे एकच — ए. डब्ल्यू. रामटेके. मी अश्वजित वामनराव. ते कोण, देव जाणे. संगणकाने सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं.

प्राचार्य म्हणाले, वीस डिसेंबरच्या आत आपले कोणते, परके कोणते, खुणा करून सहीनिशी द्या. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर दिसलं तर कॉलेजची नाचक्की.

२६ नोव्हेंबर

अकरा खुणा करायला पाच मिनिटं लागली. मग पुढची संध्याकाळ तशीच पडून राहिली.

घरमालकीण गिरजाबाईंनी जिन्याखालून विचारलं — "सर, जेवले का नाई?" जेवलो म्हणालो. नव्हतो.

१ डिसेंबर, रविवार

दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द : "अर्धा लिटर."

काँक्रीटचा लेख पूर्ण वाचला. काही गरज नव्हती. तुसाची राख किती टक्के घातली की भिंत किती भार घेते, याची कोष्टकं. कळलं थोडंच, पण माणूस नेटका वाटला. लेखाखाली रायपूरचा पत्ता होता. मेल टाकला — महोदय, तुमचे लेख माझ्या नावावर जमा झाले आहेत, क्षमस्व.

क्षमा कशाची, ते मलाही सांगता आलं नसतं. कोणाला तरी पत्र लिहायचं होतं.

४ डिसेंबर

रायपूरचं उत्तर आलं! हिंदीत. तेही रामटेके, नाव अनिल. लिहितात की त्यांनी उलट माझा दगडफुलांचा लेख उघडून पाहिला. "समझ में कुछ नहीं आया, पर फोटो बहुत सुंदर हैं."

दोनदा वाचलं. जेवताना पुन्हा एकदा.

८ डिसेंबर, रविवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

आज रक्ताचा लेख उघडला. सिकल सेल. आपल्याच जिल्ह्यातल्या गावांमधून नमुने घेतलेले. नाव ऐकलेलं आहे, दवाखान्यात भिंतीवर पोस्टर असतं. रक्तातल्या गोल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, एवढंच माहीत. पोस्टरपाशी थांबून खालचं वाचलं नव्हतं कधी.

आत एक कोष्टक आहे. लहान मुलांत काय काय दिसतं त्याचं. तान्हेपणी हातापायांची बोटं सुजणं. डोळे पिवळे. सांधे ठणकणं. लवकर दम लागणं. थंडीने, थकव्याने, पाणी कमी पडल्याने अचानक झटका. ताप, छातीत दुखणं. आणि शेवटच्या ओळीत मृत्यूंची संख्या.

माझा आयुष आठ महिन्यांचा असताना त्याची बोटं गाजरासारखी सुजली होती. डॉक्टर म्हणाले, किडा चावला असेल. डोळे पिवळे झाले तेव्हा कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध आणलं. गुडघे दुखतात म्हणायचा, आणि त्याची आई, इंदू, मोहाचं तेल कोमट करून चोळत बसायची. मी म्हणायचो, वाढतं पोर आहे, दुखणारच.

लेख मिटला. पुन्हा उघडला. कोष्टक तेच.

९ डिसेंबर

कॉलेजला गेलो नाही.

१० डिसेंबर

हे कधीच लिहिलं नाही. आज लिहितो.

डिसेंबर २०११. आयुष सहा वर्षांचा. सुट्टीत मी त्याला आलापल्लीच्या जंगलात सोबत नेलं. इंदू नको म्हणत होती — "थंडी लय आहे, तो लवकर थकते." मी हसलो. माझ्या मुलाने जंगल पाहू नये?

दोन दिवस चाललो. तो भिंग घेऊन प्रत्येक झाडाशी थांबायचा. "बाबा, हे हिरवं फूल का करडं?" नाल्यात उतरला, मी उतरू दिलं. पाण्याची बाटली संपली होती, तेही लक्षात आहे. परत येताना बसमध्ये ताप. मग छातीत दुखतं म्हणाला. पाचव्या दिवशी, एकोणीस तारखेला, गेला. कागदावर न्यूमोनिया.

इंदू माझ्यावर एकदाही ओरडली नाही. साडेचार वर्षं एकाच घरात राहिलो. शेवटच्या दिवसांत तर ती माझ्यासमोर जेवायलाही बसेना. मग २०१६ च्या उन्हाळ्यात वडश्याच्या शाळेत बदली मागून घेतली आणि गेली. जाताना मी विचारलं, "त्याला जंगलात नेलं म्हणून?" ती गप्प.

त्या गप्प राहण्याचा एकच अर्थ होता. त्यानंतर मी तिला तोंड दाखवलं नाही. दर एकोणीस डिसेंबरला फक्त एक फोन.

११ डिसेंबर

रक्ताच्या लेखावर नागपूरचा पत्ता. मेल लिहिला. पहिल्या ओळीत नावाच्या घोटाळ्याचं. दुसऱ्या ओळीपासून आयुष.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी अनोळखी नंबर. बाईचा आवाज, वयस्क, खणखणीत.

"रामटेके बोलतेय. तुम्हीही रामटेकेच ना? मी डॉक्टर अंजना. वडील वासुदेव. ते डब्ल्यूनेच लिहायचे." मग हसल्या. "म्हणजे माझ्या नावावर दगडफूल जमा झालं असेल. मसाल्यात घालते मी ते."

निवृत्त होऊन नऊ वर्षं झालीत त्यांना. नंतर हसणं थांबलं. एकेक विचारत गेल्या. बोटं कोणत्या महिन्यात सुजली? दोन्ही हातांची? पोटात डाव्या बाजूला गाठ लागायची का? मी सांगत गेलो. तेरा वर्षांत त्याच्याबद्दल मी एवढं कोणाशी बोललो नव्हतो.

विचारलं — तोच आजार होता का?

"लक्षणं जुळतात. पण गेलेल्या मुलाची तपासणी नाही करता येत. तुमची करता येते. हा आजार मुलाला तेव्हाच होतो, जेव्हा आई आणि वडील, दोघांकडूनही येतो. एकाकडूनच आला तर मूल धडधाकट राहतं. तुमच्या रक्तात तो नसेल, तर हा विषय तिथेच मिटला."

"आणि जंगल? थंडी?"

"तुम्हाला खोटं सांगणार नाही. थंडीने झटका येऊ शकतो. पण असं मूल घरात, गोधडीत, साध्या तापानेही जातं. मी पाहिलीत. कोणी वेळेवर रक्त तपासलं असतं तर तुम्ही त्याला पाण्यात उतरू दिलं नसतं. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही."

फोन ठेवल्यावर भांडी घासली. घासलेलीच होती, पुन्हा घासली.

१६ डिसेंबर

गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात रक्त देऊन आलो. रांगेत पुढे एक आजोबा, नातीला घेऊन. नातीच्या वेणीला लाल रिबन, ती सोडून ते पुन्हा पुन्हा बांधत होते. मला म्हणाले, "तुमचा लेकरू कुठी आहे, भाऊ?"

म्हणालो, एकटाच आलोय.

रिपोर्टला दोन आठवडे.

१९ डिसेंबर

फोन केला.

"इंदू."

"हो."

"थंडी आहे का तिकडे?"

"आहे."

बस. दरवर्षीसारखंच. ओठांवर आलं होतं. पण रिपोर्टात काही निघालं नाही तर? तिला आशा दाखवायची आणि मग सांगायचं — नाही, मीच नेलं त्याला जंगलात!

यादी प्राचार्यांना दिली. अकरा माझे, बावन्न परके. सही केली.

२४ डिसेंबर

एक गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नाही, म्हणून इथेच. मी वाट पाहतोय ती आपल्या रक्तात रोग निघावा याची. निघाला तर आयुषला माझ्याच रक्तातून गेला. नाही निघाला तर आयुष माझ्या हट्टाने गेला. आणि तरी पहिलंच हवंय! कसला बाप मी.

गिरजाबाई वर आल्या, ताटावर फडकं झाकून. "सर, आठ दिवस झाले, तुमच्या खोलीतून फोडणीचा वास नाई आला. काऊन? तब्बेत बरी नाई का?" वांग्याची भाजी, भात. माझं खाऊन होईपर्यंत दारातच बसून राहिल्या.

३१ डिसेंबर

ए. एस.

म्हणजे आहे. एक अक्षर चांगलं, एक वाईट. मी वाहक. मला स्वतःला काही होत नाही, पण पुढे देऊ शकतो.

बसस्टँडच्या बाकावर बसून डॉक्टर अंजनांना कळवलं. म्हणाल्या, "मग तुमच्या पत्नीतही असणार. तेव्हाच हे जुळतं. आयुषला तोच आजार होता, मला शंका वाटत नाही. त्यांना सांगा. फोनवर नको, जाऊन सांगा."

सांगायला जायचं म्हणजे आठ वर्षांनी तिच्यासमोर उभं राहायचं. घरी, चामोर्शीला नेणारी एक बस गेली. दुसरीही गेली. तिसरीत बसलो.

२ जानेवारी २०२५

गेलो नाही. थंडी फार, असं स्वतःला सांगितलं.

५ जानेवारी, रविवार

वडश्याहून आताच आलो. जे झालं ते तसंच लिहितो.

गडचिरोली, आरमोरी, मग वडसा. दुपारी पोचलो. स्टँडवर नाटकाच्या प्रचाराची गाडी भोंग्यावर ओरडत होती, त्यात घर विचारलेलं कोणाला ऐकू जाईना. शेवटी शाळेचं नाव सांगितल्यावर एका पानवाल्याने दाखवलं.

दार तिनेच उघडलं. केस अर्धे पांढरे झालेत. "तुमी?" म्हणाली. मग बाजूला झाली.

खोलीत दोन खुर्च्या. वह्यांचा गठ्ठा, तपासायला घेतलेला. भिंतीवर बाबासाहेब, आणि शेजारी आयुष. तो फोटो माझ्याकडे नाही. शाळेच्या पहिल्या दिवसाचा. मी तिकडे पाठ करून बसलो.

पाठ केल्यासारखं सगळं सांगितलं. यादी, लेख, कोष्टक, डॉक्टर, माझा रिपोर्ट. कागद टेबलावर ठेवला. ती कागदाकडे पाहत होती, हात लावत नव्हती. मी म्हणालो, "थंडीत नेलं, ती चूक माझीच. त्यातून सुटायला आलो नाही. पण आजार आधीपासून होता. आपल्या दोघांकडून त्याला गेला. हे तुला माहीत असावं म्हणून आलो."

तेवढ्यावर तिने मान वर केली.

"दोघांकडून?"

"हो. एकाकडूनच असता तर त्याला काही झालं नसतं."

"डॉक्टरीणबाई असं म्हणाल्या? पक्कं?"

"पक्कं."

ती उठली. आत गेली. गॅसवर काही नव्हतं, तरी आत उभीच राहिली. मी बराच वेळ बसलो. मग बाहेर येऊन म्हणाली, "तुमची बस चुकंल. निघा आता." पाणीही विचारलं नाही. दार लावून घेतलं.

बसमध्ये खिडकीची काच बंद होत नव्हती. हरकत नाही. मला काय अपेक्षा होती? रडेल? माफ करेल? तिने ऐकून घेतलं, हेच पुष्कळ. आता एकोणीस डिसेंबरचा फोनही बंद करावा. उगाच तिला त्रास.

६ जानेवारी

सकाळी सात वाजता इंदूचा फोन. आठ वर्षांत पहिला, तिच्याकडून.

म्हणाली, "काल बोलता आलं नाई. मले माहीत होतं. इथी येण्याच्या आधी शाळेत सिकल सेलचं शिबिर झालं, पोरायसोबत आमचंही रक्त घेतलं. माझ्यात निघालं. कार्ड आहे माझ्यापाशी. मले वाटलं, माझ्याच रक्तानं गेला तो. तुमी सोताले दोष देत होते, मी समोर बसून कशी जेवू? नाई सहन झालं, म्हणून निघून आली."

मग आवाज बारीक करून म्हणाली,

"दोघांचं लागते, हे मले कोणी सांगितलंच नाई हो."