सहावं नाव

बाबा,
तुम्हाला आणि आईला सलाम. मी मजेत आहे. बिश्केकला थंडी पडलीय, पण खोली उबदार आहे.

कॉलेजात प्रत्येकाला इंटरनेटवर स्वतःचं एक पान करायला सांगितलं होतं. 'माझ्याविषयी' या मथळ्याखाली पोरांनी आपापले छंद लिहिले. मी तुम्ही पाठ करून घेतलेली सात पूर्वजांची नावं लिहिली. सर म्हणाले, "अरे, यात तू कुठे आहेस?" मग खाली माझा फोटो लावला.

पानाचे रंग वर्गातल्या बेगिमायने निवडून दिले. ती आपल्या नारिनकडचीच. हुशार आहे. नावं वाचता वाचता तिने सहाव्या नावावर बोट ठेवलं. तिचाही सहावा पूर्वज बोरुबायच निघाला, गावही तेच. शेजारचा एर्मेक खिदळला, "घ्या, बहीण सापडली! सात पिढ्यांच्या आत लग्न होत नाही, विसर आता!" मीही हसलो. तसं काही नव्हतंच.

आईचा गुडघा कसा आहे? घोडी व्याली का?

आणि बाबा, सहावं नाव बोरुबायच ना? घाई नाही, पण एकदा थोरल्या काकांना विचारून बघा. पान काय, केव्हाही बदलता येतं.

सगळ्यांना आठवण सांगा.
तुमचा कुबात