सरकून बसलेली माणसं

बाबा, गेला आठवडाभर मी चामोर्शीत आहे आणि रोज तुमच्यावर चिडते आहे. तुम्ही सवाऱ्या न्यायचात त्या एवढ्याशा जीपमध्ये अख्खं गाव कसं मावायचं, ते एकदा नीट सांगून तरी जायचं होतं! माझं आता कामच ते झालंय. माणसं रोज कशी उठतात, बसतात, एकमेकांना वाट देतात, ते त्यांच्याच सोबतीनं खेळ म्हणून लोकांपुढे मांडते. या वेळी आठवडी बाजारात एक लांब बाक ठेवायचा, गावातली माणसं एकेक करून येतील, आधीचे सरकून जागा देतील. एवढंच. पण तालमीत एवढंही होईना. बाया एका टोकाला, माणसं दुसऱ्या टोकाला, मध्ये म्हैस बसेल एवढी जागा. मी "सरका, सरका" ओरडले की सगळे माझ्या तोंडाकडे बघत. आणि बाजार तर दोन दिवसांवर आला.

तेव्हा तो दिवस आठवला. मी शाळेतून तुमच्याच जीपनं घरी निघालेय, गडचिरोलीच्या स्टँडवर शेजारच्या म्हातारीला कोपर मारून म्हणते, "सरक ना वं बुढे." तुम्ही मागे वळून बघता. "ढकलून जागा होत नाई पोरी. उतर खाली." सगळ्यांदेखत उतरवलंत आणि पुढे तुमच्याजवळ, गिअरला गुडघे लागतील अशी बसवलंत. मी रडून घेतलं. त्याच फेरीला मालगुजार होते, गावचे मोठे जमीनदार, आपल्या बौद्ध मोहल्ल्यातल्या कुणाला अंगाला लागू न देणारे. तुम्ही मोहल्ल्यातल्या मावशीचं लेकरू उचललंत आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलंत. "धरा जरा भाऊ, दार लागून नाई राह्यलं." दार केव्हाच लागलं होतं! लेकरू तिथं म्हटल्यावर त्याची माय शेजारी बसणारच. वाटेत लेकरानं धोतर ओलं केलं. मालगुजार म्हणाले, "राहू दे, लेकरूच आहे." तुम्ही आरशात बघितलंसुद्धा नाही, गाडी हाकत राहिलात. केवढा मोठा माणूस होतात तुम्ही! मी मात्र गाल फुगवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी तालमीत मी तोंड मिटून घेतलं. एकीची पिशवी दुसऱ्याच्या मांडीवर ठेवली, कॉलेजच्या पोरीचा मोबाईल एका आजोबांच्या हातात दिला. बघता बघता बाक भरला. कोणी धानाचं विचारतंय, कोणी जावयाची टिंगल करतंय. बाजाराच्या दिवशी तर नुसते बघायला आलेलेही टेकू लागले. मी बाजूला हात बांधून उभी, सगळं नीट चाललंय ना यावर डोळा ठेवून. तेवढ्यात बाकावरची भाजीवाली बाई खेकसली, "तूच काऊन उभी राह्यलीस वं? ये, बस इथी." आणि ती सगळी ओळ कुरकुरत, हसत सरकली. मी बसले.

आता शहरातून फोन येतात, कसं झालं म्हणून. छान झालं, असं सांगते. तुम्हाला काही हे पत्र पोचायचं नाही, म्हणून खरं लिहिते. कसं झालं ते मला दिसलंच नाही, बाबा. मी बाकावर मध्ये बसलेली, दोन्ही बाजूंना माणसं होती.