सतरा डबे

रविवार, ७ सप्टेंबर २०२५. रियाध.

आजपासून रोजनिशी. इतिहास घडताना कोणीतरी लिहून ठेवायला हवा आणि आमच्या ओलायाच्या ऑफिसात दुसरं कोणी त्या लायकीचं नाही.

आमचे मालक अबू तुर्की यांनी आखाती रग्बी लीगमध्ये सातवी टीम घेतली. सहा टीम जुन्या, आपली कोरी करकरीत. बिडचं प्रेझेंटेशन माझं होतं, बावन्न स्लाइड्स. म्हणून खेळाडू जमवायचं काम माझ्याकडे आलं. पहिली मॅच नोव्हेंबरात. त्यानंतर टीमचा कायमचा जनरल मॅनेजर जाहीर होणार. तो मीच, फक्त घोषणा बाकी आहे. खेळाशी माझं नातं जुनं. कॉलेजात कॅरमचा उपविजेता होतो.

एकच गोष्ट खटकली. खेळाडूंचं राहणं, बस आणि जेवण नूरुद्दीन मुकादमकडे दिलंय. हा दापोलीचा, वीस वर्षं इथे, कंपनीच्या कॅम्पची मेस बघतो. अख्खं ऑफिस त्याला नूरभाई म्हणतं. मी म्हणणार नाही. एकदा भाई म्हटलं की माणूस डोक्यावर बसतो.

बुधवार, १० सप्टेंबर.

अभ्यास सुरू. चार तास व्हिडिओ पाहिले. रग्बीचे दोन प्रकार असतात म्हणे, युनियन आणि लीग. असतील. साधा डोसा काय, मसाला डोसा काय, पीठ एकच. युनियनचे व्हिडिओ जास्त रंगतदार वाटले, तेच पाहिले. मैदानात पंधरा, बाकावर आठ, एकूण तेवीस.

महत्त्वाचा शोध: बॉल रेषेबाहेर गेला की दोन रांगा करतात, एकाला उचलून वर धरतात, तो बॉल झेलतो. थोडक्यात दहीहंडी. म्हणजे माणूस जितका उंच तितका फायदा. आपल्या लीगच्या सहाही टीमच्या याद्या तपासल्या, एकही ताडमाड माणूस नाही. इतक्या वर्षांत कोणालाच सुचलं नाही! एक्सेलमध्ये उंचीचा कॉलम सगळ्यात आधी घेतला.

शुक्रवार, १९ सप्टेंबर.

नूरुद्दीनकडे जेवायला जावं लागलं. श्यामलाने परस्पर हो म्हटलं होतं. त्याची बायको शरफुन्निसा हिने सांदणं केली होती. श्यामलाने रेसिपी लिहून घेतली. आमच्या लग्नाला सोळा वर्षं झाली, माझी एकही गोष्ट तिने कधी लिहून घेतलेली नाही. परत येताना गाडीत स्मृती म्हणाली, नूर अंकल इज सो फनी, पप्पा. मी पण दोन विनोद सांगितले. ती इअरफोन शोधायला लागली.

सांदणं मी तीनच खाल्ली. तत्त्व म्हणून.

रविवार, २१ सप्टेंबर.

मास्टरस्ट्रोक! दक्षिण आफ्रिकेचे दोघे साइन केले, पीटर आणि योहान. एक सहा फूट नऊ, दुसरा सहा फूट दहा. आयुष्यभर रांगेत उभं राहून बॉल झेलण्याचंच काम केलंय. फोनवर पीटर काहीतरी विचारत होता, की तुमच्या खेळात आमचा उपयोग काय. विनम्र मुलगा. मी सांगितलं, तू फक्त ये.

गुरुवार, २ ऑक्टोबर. दसरा.

खेळाडू आले. मी एअरपोर्टवर छापील बोर्ड घेऊन उभा. नूरुद्दीन माझ्या पलीकडे नुसता पाण्याच्या बाटल्या घेऊन. सगळे त्याच्याकडे गेले. एवढ्या उकाड्यात माणूस पाण्याकडेच जाणार, यात त्याचं कर्तृत्व काय?

संध्याकाळी अबू तुर्कींच्या मजलिसमध्ये, म्हणजे घरच्या बैठकीत, पाहुणचार. नूरुद्दीन त्यांच्या उजव्या हाताला बसला, मी दाराजवळ, चपलांच्या शेजारी. ते दोघं अरबीत काहीतरी बोलून खो खो हसत होते. माझं अरबी यल्ला आणि खलासच्या मध्ये कुठेतरी संपतं. खरं लिहायचं तर पोटात दुखलं. नंतर विचार केला, तो मटणाचा परिणाम असेल.

संकल्प: उद्यापासून रोज अर्धा तास अरबी.

शनिवार, ४ ऑक्टोबर.

अरबी सोमवारपासून.

मंगळवार, ७ ऑक्टोबर.

योहानचा इकाम्याचा, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचा, फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. फोटोत तो मानेपर्यंतच मावतोय. नूरुद्दीनने मागितला म्हणून दिला. त्याने योहानला खुर्चीवर बसवून लांबून फोटो काढला आणि काम झालं. म्हणाला, कुमारभाऊ, उभ्या माणसाचा कशाला काढलात? मी म्हणालो, तेच मी आज करणार होतो. करणारच होतो.

गुरुवार, १६ ऑक्टोबर.

ऑस्ट्रेलियन कोच अखेर पोहोचला. मी बावन्न स्लाइड्स दाखवल्या. पीटर आणि योहानकडे बोट करून त्याने विचारलं, हे दोघं कशासाठी? मी म्हणालो, उंचीसाठी. त्याने टोपी काढून डोकं चोळलं. प्रभावित झालेला दिसला.

त्यानंतर तो मेसमध्ये गेला आणि नूरुद्दीनबरोबर दोन तास बसला. स्लाइड्सना त्याने दिलेला वेळ: अकरा मिनिटं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर.

सराव सामना. नूरुद्दीन बिर्याणीचे सतरा डबे घेऊन आला. मी त्याला तेवीस सांगितले होते, लेखी. विचारलं तर म्हणतो, तेरा खेळणारे, चार बदली, कोचने सांगितलं. मी स्पष्ट बजावलं की मेस सांभाळणाऱ्याने डाव-पळीपुरतंच बघावं. तो म्हणाला, बरं भाऊ. वर विचारतो, तुमच्यासाठी एक आणू का पुढच्या वेळी? मी म्हणालो, मी घरचा डबा आणतो. त्याची बिर्याणी मी खाणार नाही. त्या बिर्याणीनेच सगळी माणसं फोडली आहेत.

कोचने सहा जणांना कॅम्पवरच ठेवलं होतं. का, ते विचारलं नाही. तज्ज्ञाच्या कामात ढवळाढवळ नको.

मंगळवार, २८ ऑक्टोबर.

आज कहर झाला. मैदानावर गेलो तर नूरुद्दीन लुंगी खोचून मधोमध आणि आमचे व्यावसायिक खेळाडू हातात हात धरून साखळी करून उभे. कबड्डी! म्हणे तरुणपणी तालुक्याच्या टीममध्ये डावा कोपरा खेळायचा. पळत येणाऱ्याचा घोटा कसा धरायचा, दोघांनी मिळून कसा आडवा करायचा, हे शिकवत होता. कोच व्हिडिओ काढत होता आणि मेट, मेट करत होता.

मला हेवा वाटत नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. फक्त मेसवाल्याने मेसमध्ये राहावं असं वाटतं. घरी येऊन श्यामलाला सांगितलं. तिने विचारलं, मग मॅच जिंकायला त्याचा उपयोग होईल का? बायकांना मुद्दा कळत नाही.

रविवार, २ नोव्हेंबर.

लीगच्या वेबसाइटवर पहिल्या मॅचची टीम भरायची होती. फॉर्ममध्ये भयंकर बग! तेराच्या पुढे खेळाडू घेतच नाही, बाकावर फक्त चार. ब्राउझर बदलला, कॅश क्लिअर केली, लॅपटॉप रीस्टार्ट केला. शेवटी तक्रारीचं तिकीट टाकलं, प्रायॉरिटी वन. सोबत खरमरीत मेल: आमचे पंधरा खेळाडू मैदानात उतरणार आहेत, कृपया सिस्टिम तातडीने दुरुस्त करा. सहाही टीमचे मॅनेजर सीसीत. अबू तुर्कीही सीसीत. आपण काय काम करतो ते वरच्यांना दिसलं पाहिजे.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपारी ३.

लीगचं उत्तर. एकच ओळ, सोबत नियमांचं पुस्तक.

दुपारी ४.

पुस्तक वाचलं.

दुपारी ४.२०.

लीगमध्ये तेरा. बदली चार. बॉल बाहेर गेला की रांगा करत नाहीत. कोणी कोणाला उचलत नाही.

दुपारी ५.

हे कोणीतरी मला सांगायला नको होतं का? कोचला माहीत होतं. नूरुद्दीनला माहीत होतं. संपूर्ण जेद्दा टीमला माहीत होतं, त्यांनी उत्तरात हसणारे चेहरे पाठवलेत. सीसीत.

गुरुवार, ६ नोव्हेंबर.

नूरुद्दीन सकाळीच अबू तुर्कींच्या केबिनमध्ये. चाळीस मिनिटं. काचेतून सगळं दिसत होतं. हात डोक्याच्या वर नेऊन उंची दाखवत होता, मग हवेतून काहीतरी पकडल्यासारखं करत होता. माझ्या दोन उंच माणसांची नक्कल! अबू तुर्की हसत होते. वीस वर्षांची ओळख आहे, चहाडीला तेवढी पुरते.

नोकरी जाणार. नोकरी गेली की इकामा जाणार, स्मृतीची शाळा जाणार. दहावीला दोन वर्षं राहिलीत. श्यामलाला काही सांगितलं नाही. तिने विचारलं, बरं नाही का? म्हटलं, ॲसिडिटी.

संकल्प: त्याच्याशी बोलायचं नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.

सकाळी त्याने पार्किंगमध्ये हाक मारली, म्हणाला, टेन्शन घेऊ नका भाऊ. मी बोललो नाही. नुसतं थँक यू म्हणालो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर.

पहिली मॅच, जेद्दाविरुद्ध. आपण अठरा, ते सोळा. जिंकलो!

आपले लोक घोटे असे धरत होते की जेद्दावाले आंब्याच्या पेट्यांसारखे रचले जात होते. शेवटच्या मिनिटाला आपल्या माणसाने बॉल उंच कोपऱ्यात मारला. तिथे योहान उभा होता. त्याला उडी मारावीसुद्धा लागली नाही. झेलला, रेषेपलीकडे जमिनीला टेकवला, चार पॉइंट.

मी उभा राहून ओरडलो. मग आठवलं की योहान संघात कसा, हे मला ठाऊकच नव्हतं. कोचने सांगितलं, नूरभाईची आयडिया. बसमध्ये योहान सगळ्यांच्या बॅगा बसल्या जागेवरून काढून देतो, ते त्याने पाहिलं होतं.

रविवार, १६ नोव्हेंबर.

अबू तुर्कींनी बोलावलं. मी राजीनाम्याचे दोन ड्राफ्ट खिशात ठेवून गेलो, एक नम्र, एक बाणेदार.

त्यांनी मला मिठी मारली. म्हणाले, माशाअल्लाह, तुम्ही कोल्हा आहात. नूरुद्दीनने म्हणे त्या गुरुवारी केबिनमध्येच त्यांना सांगितलं होतं की उंच माणसं कुमारने मुद्दाम आणलीत, उंच बॉल झेलायला, आणि पंधराचा तो मेल जेद्दावाल्यांना गाफील ठेवायला होता. फक्त मॅच होईपर्यंत कुठे बोलू नका, असंही तोच म्हणाला होता.

मी खिशातले दोन्ही ड्राफ्ट आणखी आत ढकलले. 

मग त्यांनी सांगितलं, जनरल मॅनेजर नूरुद्दीन. खेळाडू त्याचं ऐकतात. तुम्हाला त्याच्या हाताखाली चालेल का? मी म्हणालो, इन्शाअल्लाह.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर.

दमामची मॅच. माझं नवं काम: बसमध्ये चढताना डबे मोजणे. मोजले. अठरा. पुन्हा मोजले, अठराच. म्हटलं, चूक सापडली. नव्या मॅनेजरची पहिली चूक! धावत जाऊन सांगितलं.

नूरभाई म्हणाला, अठरावा तुमचा आहे, भाऊ.

बसमध्ये बसून खाल्ला, सगळा. मीठ किंचित कमी होतं. हे मात्र नोंदवून ठेवतो.