श्वास रोखून धरा

घाटकोपर, शुक्रवार

प्रिय चेतना,

पाकीट बघून हसशील. भीमादादाचा मोबाइल बुडाला की काय, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद. मिहिरची बारावी काय म्हणते? परीक्षेला दोनच महिने राहिले. त्याला सांग, मामाचं फिजिक्स फुकट आहे, फक्त डोकं घेऊन यायचं.

आमच्या हॉस्पिटलात एक गंमत चाललीय. गंमतच म्हणतो, नाहीतर झोप लागायची नाही. पेशंट यायच्या आधी रेडिएशनचं मशिन मी एकटा तपासतो, तुला ठाऊक आहे. माणसाच्या जागी प्लास्टिकचा ठोकळा ठेवायचा, किरणं सोडायची, मागितली तेवढीच आली का ते मोजायचं. खोलीतून शेवटी निघणाऱ्याने मागे वळून बघायचं, आत कुणी राहिलं नाही ना, मग भिंतीवरचं बटण दाबून बाहेर यायचं. त्याशिवाय मशिन चालतच नाही.

मंगळवारी, सात वाजून दहा मिनिटांनी, जाडजूड दार लागलं. मी किरणं सोडणार, तेवढ्यात आतल्या माइकला जोडलेल्या बाहेरच्या स्पीकरमधून आवाज आला. आत कुणीतरी खोल श्वास घेतला आणि रोखला. कॅमेऱ्यात फक्त ठोकळा. तरी धावत आत गेलो, टेबलाखालीसुद्धा वाकून बघितलं. काही नाही. बाहेर येतो तर तो श्वास अजून रोखलेलाच. मग हळूच सुटला, नाकातून बारीक शिटी वाजवत.

बुधवारी तेच. आमची टेक्निशियन अनुपमा म्हणाली, सर, भूतसुद्धा आपल्याकडे नंबर लावून येतं. काल आतला माइक बदलून घेतला. आज पुन्हा.

अनुपमाचं म्हणणं, दिवसभर ऐकून ऐकून माझ्या कानात बसलंय. असेलही. डाव्या स्तनाच्या पेशंटला आम्ही माइकवरून सांगतो, श्वास घ्या, रोखून धरा. छातीत हवा भरली की हृदय किरणांपासून लांब सरकतं. पण बाबांच्या साकीनाक्याच्या लेथवर कुठलं बेअरिंग जाणार, हे मी दहाव्या वर्षी आवाजावरून सांगायचो. ही शिटी मला पेशंटची वाटली नाही. ही मी आपल्या चाळीत ऐकलीय.

आठवतंय? लपाछपीत तू रिकाम्या निळ्या पिंपात शिरलीस आणि झाकण घट्ट बसलं. सगळी पोरं जेवायला गेली. आई म्हणाली, मावशीकडे गेली असेल. मी एकटा पिंपांना कान लावत फिरलो, तेव्हा एकातून हीच शिटी आली. आत घुसमटत होतीस, तरी श्वास रोखून बसलेलीस, का तर सापडू नये म्हणून! झाकण उघडल्यावर वर मलाच शिव्या घातल्यास. खोलीतून निघताना मी मागे बघतो ते नियम आहे म्हणून नव्हे गं, त्या पिंपामुळे.

आता बुधवारचा तुझा फोन. बावीस वर्षांत तू माझ्या कामाबद्दल चकार शब्द विचारला नाहीस. आणि एकदम, दादा, तुझ्या त्या मशिनखाली दुखतं का रे? म्हणालीस, मुलुंडच्या बाजारात बोंबील घेतेय. तुझ्या मागे एक बाई ओरडली, सोनोग्राफीवाल्यांनी रिपोर्ट घेऊन आत या. बोंबीलवाली असं ओरडत नाही, चेतना.

मंगळवारी सकाळी आंघोळ करताना हाताला गाठ लागली ना? किती वाजता, ते मात्र सांगू नकोस. घड्याळ जुळलं तर मलाच भीती वाटेल. मिहिरची परीक्षा होईपर्यंत गप्प बसायचं, असं तू ठरवलं असशील. मी ओळखतो तुला. मी डॉक्टर नाही, मोजणारा माणूस आहे. पुष्कळ गाठी साध्या निघतात, हे खरं. पण दोन महिने म्हणजे किती, हेही मी रोज बघतो. उद्या, शनिवारी, साडेदहाला आमच्या डॉक्टर बाईंची वेळ घेतलीय. हे पत्र पोस्टात टाकत नाही. सकाळी स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवणार आहे. तू इथवर वाचलंस, म्हणजे मी जिन्यात उभा आहे, आणि दारापलीकडे तू श्वास रोखलायस तो मला ऐकू येतोय. राज्य अजून माझ्यावरच आहे. सोड तो श्वास, आणि दार उघड.

तुझाच,
भीमादादा